शीताचा शोध आणि कुंठित चुंबक

वैशाखांतल्या दुपारीं माठांतील पाणी गार कां लागतें, याचें कारण बहुतेकांस ठाऊक असतें. माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी पाझरतें, त्याची वाफ होते, आणि वाफ होण्यास लागणारी उष्णता आंत उरलेल्या पाण्यांतून घेतली जाते. द्रवांतील कण एकमेकांस चिकटून दाटीनें राहतात. वाफेंतील कण सैरावैरा धांवतात. ही धांव फुकट मिळत नाहीं. व्यवस्थेंतून अव्यवस्थेंत जातांना पदार्थ उष्णता मागून घेतो, आणि शेजाऱ्याला थंड करून जातो. माठाची ही युक्ति विसाव्या शतकांतील शास्त्रज्ञांनीं चुंबकीय स्फटिकांस लावली, आणि जेथें हवा दगडासारखी गोठून जाते त्याच्याही कितीतरी खालच्या थंडीपर्यंत मनुष्याचा हात पोंचला. त्या वाटेवर त्यांना असे कांहीं स्फटिक भेटले, कीं ज्यांनीं उष्णताशास्त्राच्या एका मोठ्या नियमालाच प्रश्न विचारला. या शोधाचा इतिहास मोठा मनोवेधक आहे.

थंडीला एक तळ आहे. सेंटिग्रेड मोजणीनें तो शून्याखालीं २७३.१५ अंशांवर येतो, व त्यालाच निरपेक्ष शून्य असें म्हणतात. यापुढें जे अंश सांगितले आहेत ते सर्व या निरपेक्ष शून्यापासून मोजलेले आहेत. हॉलंडमधील लायडेन येथें १० जुलै १९०८ रोजीं हाइके कामर्लिंग ओनेस यांनीं हेलियम वायूचा द्रव केला. हा द्रव ४.२ अंशांवर उकळतो. त्यावरील वाफ पंपानें ओढून काढली, म्हणजे माठाच्याच न्यायानें तो आणखी गार होतो. परंतु या उपायालाही मर्यादा आहे. द्रव जसजसा थंड होतो तसतशी वाफच कमी निघते, आणि ओढावयास कांहीं उरत नाहीं. ओनेस यांनीं आयुष्यभर खटपट करून एक अंशाच्या थोडें खालीं पाऊल टाकलें, व तेथें ते थांबले. १९२६ सालीं ते वारले. योगायोग असा, कीं त्याच वर्षीं या बंद दाराची किल्ली दोन निरनिराळ्या देशांतील दोन विद्वानांस, एकमेकांची वार्ता नसतां, सांपडली. त्यांपैकीं एक पीटर डिबाय, व दुसरे अमेरिकेंतील बर्कले येथील विल्यम जिओक.

ती किल्ली अशी. कांहीं क्षारांच्या स्फटिकांत प्रत्येक धातुकण हा एक लहानसा चुंबक असतो. गॅडोलिनियम या धातूचे क्षार त्यांपैकींच होत. बाहेरून कोणतीही ओढ नसली, म्हणजे हे अणुचुंबक वाटेल त्या दिशेला तोंड करून असतात. मधल्या सुटींत शाळेच्या पटांगणांतील मुलें असावीं तसे. मोठ्या चुंबकाच्या दोन टोकांमध्यें तो स्फटिक ठेवला, कीं घंटा वाजल्याप्रमाणें ते सारे रांगेंत उभे राहतात. अव्यवस्था कमी होते, आणि जी उष्णता तिच्या पोटीं होती ती बाहेर पडते. ती भोंवतालच्या द्रव हेलियमला घेऊं द्यावी. मग स्फटिकाचा बाहेरच्या जगाशीं संबंध तोडावा, व चुंबकीय क्षेत्र हळूहळू काढून घ्यावें. रांग मोडते, अणुचुंबक पुनः सैरावैरा होतात, पण त्यासाठीं लागणारी उष्णता आतां बाहेरून मिळत नाहीं. ती स्फटिकाच्या स्वतःच्या अंगांतूनच घ्यावी लागते. म्हणून स्फटिक गार पडतो. क्षेत्रानें उष्णतामान बदलतें ही गोष्ट अगदींच अपरिचित नव्हती. १९१७ सालीं पिएर वाइस व ओग्यूस्त पिकार्द यांनीं निकेल धातूमध्यें ती पाहिली होती. परंतु तिचा उपयोग अतिशीत निर्माण करण्याकडे होईल हा विचार नवा होता.

विचार सुचला तरी साधनें जमविण्यास सात वर्षें लागलीं. १९३३ सालीं जिओक व त्यांचे सहकारी मॅकडूगल यांनीं गॅडोलिनियम सल्फेटचा ६१ ग्रॅम क्षार घेतला, ८००० ओर्स्टेडचें क्षेत्र लावलें, व तें काढून घेतलें. ३.४ अंशांवरून आरंभ केला तेव्हां क्षार ०.५३ अंशापर्यंत उतरला. दोन अंशांवरून ०.३४ पर्यंत, आणि दीड अंशावरून ०.२५ अंशापर्यंत. इतक्या थंडींत नेहमींचा उष्णतामापक चालत नाहीं. म्हणून क्षार किती सहज चुंबकित होतो यावरूनच त्याचें उष्णतामान ठरविण्यांत आलें. त्याच वर्षीं लायडेन येथें द हास, विर्स्मा व क्रामर्स यांनींही हीच युक्ति साधली, आणि लौकरच ऑक्सफर्डमध्यें सायमन व कुर्टी यांनीं हें काम हातीं घेतलें. जिओक यांस १९४९ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें, तें अतिशीत उष्णतामानांतील पदार्थांच्या वर्तनावरील याच अभ्यासाबद्दल. आपल्या देशांतही त्या काळीं चुंबकीय स्फटिकांकडे विद्वानांचें लक्ष होतें. कलकत्त्यास के. एस. कृष्णन् व त्यांचे सहकारी एकेरी स्फटिक घेऊन त्यांचें चुंबकत्व निरनिराळ्या दिशांनीं किती वेगवेगळें असतें हें मोठ्या कौशल्यानें मोजीत होते. स्फटिकाला क्षेत्र किती लावलें याइतकेंच तें कोणत्या दिशेनें लावलें यालाही महत्त्व आहे, ही गोष्ट पुढें फार उपयोगी पडावयाची होती.

येथवर सर्व सरळ दिसतें. परंतु या युक्तींत एक अडचण दडलेली होती. अणुचुंबक एकमेकांपासून दूर असतील तोंपर्यंतच ते सुटे राहतात. जवळ आले म्हणजे एकमेकांवर ओढ पाडतात, आणि एका ठराविक उष्णतामानाखालीं क्षेत्र नसतांही आपण होऊन शिस्तींत उभे राहतात. एकदां असें झालें कीं थंडीचा झरा आटला. यासाठीं क्षार असा निवडावा लागे, कीं ज्यांत पाण्याचे रेणू भरपूर असून चुंबक विरळ असतील. पण चुंबक विरळ म्हणजे उष्णता शोषण्याची शक्तिही तुटपुंजी. दाटी असावी पण शिस्त नसावी, अशी परस्परविरुद्ध मागणी पुरविणारा पदार्थ असूं शकतो काय? या प्रश्नाचें उत्तर मिळालें तें थंडी निर्माण करण्याच्या खटपटींतून नव्हे. तें मिळालें आपल्या नित्य परिचयाच्या बर्फापासून.

जर्मन रसायनज्ञ वाल्टर नेर्न्स्ट यांनीं १९०६ सालीं एक सिद्धान्त मांडला. पुढें त्याला उष्णताशास्त्राचा तिसरा नियम असें नांव पडलें. त्याचा सारांश असा, कीं निरपेक्ष शून्याकडे जातां जातां पदार्थांतील अव्यवस्था नाहींशी होते. या अव्यवस्थेच्या मापाला शास्त्रांत एंट्रॉपी म्हणतात. तें माप काढण्याची रीत एखाद्या चोख जमाखर्चासारखी आहे. पदार्थ थोडा थोडा तापवावा, प्रत्येक पायरीला किती उष्णता लागली तें लिहावें, त्या आंकड्याला त्या वेळच्या उष्णतामानानें भागावें, आणि शेवटीं बेरीज करावी. तळाशीं अव्यवस्था शून्य असेल, तर ही बेरीज वरच्या टोकाच्या एकूण अव्यवस्थेइतकी यावयास हवी. बेरीज कमी आली, तर तळाशींच कांहीं शिल्लक राहिलें होतें असें समजावें.

जिओक व अॅशली यांनीं १९३३ सालीं पाण्याच्या बाबतींत हा जमाखर्च तपासला, तेव्हां तो जुळेना. त्यांनीं दिलेलें कारण बरोबर नव्हतें. बरोबर कारण १९३५ सालीं लायनस पॉलिंग यांनीं सांगितलें. बर्फांत प्रत्येक ऑक्सिजनभोंवतीं चार हायड्रोजन असतात. त्यांपैकीं दोन जवळ व दोन दूर असावे असा नियम बर्नल व फाउलर यांनीं १९३३ सालींच दाखविला होता. पण कोणते दोन जवळ व कोणते दोन दूर, हें ठरविणारें कोणी नाहीं. नियम प्रत्येक ठिकाणीं पाळला जातो, तरीही मांडणीचे असंख्य प्रकार उरतात. पॉलिंग यांनीं हिशेब केला तो असा. दर रेणूमागें दोन हायड्रोजन, व प्रत्येकाला दोन जागा, म्हणजे चार प्रकार झाले. प्रत्येक ऑक्सिजनजवळ एकंदर सोळा मांडण्या संभवतात, परंतु त्यांपैकीं सहाच नियमांत बसतात. चारला सहानें गुणून सोळानें भागलें, म्हणजे दर रेणूमागें दीड उरतो. त्यावरून शिल्लक एंट्रॉपी दर मोलला ०.८०६ कॅलरी निघाली. १९३६ सालीं जिओक व स्टाउट यांनीं १५ अंशांपासून २७३ अंशांपर्यंत बर्फाची विशिष्ट उष्णता बारकाईनें मोजली, आणि त्यांच्या जमाखर्चांत जी तूट निघाली ती ०.८२ कॅलरी होती. कागदावरचा हिशेब व प्रयोगशाळेंतील मोजमाप यांचा इतका सुंदर मेळ विज्ञानांत क्वचितच पडतो.

चुंबकांत असें कांहीं घडूं शकेल काय, याचा विचार पुढें झाला. एक घरगुती उदाहरण घ्यावें. तीन जावा एका घरांत आहेत, व प्रत्येकीनें दुसरीच्या उलटच मत द्यावयाचें असा नेम केला आहे. मतें दोनच, होय किंवा नाहीं. पहिली होय म्हणाली, दुसरी नाहीं म्हणाली. आतां तिसरीनें काय म्हणावें? ती कांहींही म्हणाली तरी एकीशीं तिचें एकमत होणारच. शेजारच्या चुंबकांनीं उलट दिशेला तोंड करावें अशी ज्यांची प्रवृत्ति असते, असे चुंबक त्रिकोणाच्या तीन कोंपऱ्यांवर बसविले म्हणजे त्यांची हीच गत होते. १९५० सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेचे ग्रेगरी वान्निए यांनीं अशा त्रिकोणी जाळीचें गणित सोडवून दाखविलें, कीं निरपेक्ष शून्यावरही तिच्यांतील अव्यवस्था जवळजवळ निम्मी शिल्लक राहते. त्यांच्या निबंधांत शेवटच्या आंकड्यांत चूक राहिली होती. ती तब्बल तेवीस वर्षांनीं, १९७३ सालीं, दुरुस्त करण्यांत आली. सिद्धान्ताला मात्र त्यामुळें कोणताच धक्का लागला नाहीं. १९५६ सालीं फिलिप अँडरसन यांनीं फेराइट नांवाच्या पदार्थांचा विचार करतांना, चौफेर कोंपऱ्यांना जोडलेल्या चतुष्फलकांवरील चुंबकांचा प्रश्न व बर्फाचा प्रश्न हे गणिताच्या दृष्टीनें एकच आहेत, ही मार्मिक गोष्ट दाखवून दिली. या अवस्थेला नांव मात्र उशिरां मिळालें. १९७७ सालीं फ्रेंच शास्त्रज्ञ जेरार तूलूझ यांनीं तिला फ्रस्ट्रेशन म्हटलें. मराठींत तिला कुंठितावस्था म्हणतां येईल. सर्वांच्या इच्छा एकाच वेळीं पुऱ्या होणें जेथें रचनेमुळेंच अशक्य आहे, ती ही अवस्था.

दाटी हवी पण शिस्त नको, या जुन्या मागणीची पूर्तता कुंठित स्फटिकांत होते हें आतां ध्यानीं येईल. त्यांतील चुंबक अगदीं जवळजवळ असतात, एकमेकांवर त्यांची ओढही जबर असते. परंतु कोणती शिस्त पाळावी यावर त्यांचें एकमत होत नाहीं. त्यामुळें त्यांची अव्यवस्था फार खालच्या उष्णतामानापर्यंत टिकून राहते. गॅडोलिनियम व गॅलियम यांचा गार्नेट हा असा एक स्फटिक. १९७० नंतरच्या दशकांत पाश्चात्य जवाहिऱ्यांच्या दुकानांत तो हिऱ्याची नक्कल म्हणून विकला जात असे. त्याच नकली हिऱ्याचा उपयोग प्रयोगशाळांतून सुमारें एक अंशापासून वीस अंशांपर्यंतच्या टप्प्यांत चुंबकीय शीतकरणासाठीं होऊं लागला. क्षेत्र नसतांना त्यांतील चुंबक शिस्तींत येत नाहींत. सुमारें एक टेस्ला क्षेत्र लावल्यावर मात्र त्यांच्यांत एक प्रकारची शिस्त उत्पन्न होते, असें शिफर, रॅमिरेझ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९४ सालीं दाखविलें. क्षेत्रानें शिस्त मोडावी अशी अपेक्षा असतां क्षेत्रानेंच ती आणावी, हें या पदार्थांचें वैचित्र्य होय.

बर्फाचा खराखुरा चुंबकी भाऊ १९९७ सालीं सांपडला. इंग्लंडमधील मार्क हॅरिस, स्टीव्हन ब्रॅमवेल व त्यांचे सहकारी होल्मियम टायटानेट या स्फटिकाचा अभ्यास करीत होते. त्यांतील होल्मियमचे अणू चतुष्फलकांच्या कोंपऱ्यांवर बसलेले असतात, व प्रत्येकाचा चुंबक चतुष्फलकाच्या आंत तरी तोंड करतो किंवा बाहेर तरी. दोन आंत व दोन बाहेर ही मांडणी त्यांना सर्वांत सोयीची पडते. बर्फांतील दोन जवळ व दोन दूर या नियमाचेंच हें रूप आहे. म्हणून या जातीच्या पदार्थांना स्पिन आइस, म्हणजे चुंबकांचें बर्फ, असें नांव पडलें.

नांव दिल्यानें शंका फिटत नाहीं. जमाखर्च तपासावा लागतो. तें काम १९९९ सालीं डिस्प्रोशियम टायटानेट या भावंडावर झालें. बेल प्रयोगशाळेंतील आर्थर रॅमिरेझ यांच्या बरोबर या कामांत बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे श्रीराम शास्त्री व राहुल सिद्धार्थन् होते. शास्त्री यांनीं आपली डॉक्टरेट मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत मिळविली होती. कुंठित चुंबकांच्या एका वेगळ्याच जाळीचें गणित त्यांनीं बिल सदरलंड यांच्यासह १९८१ सालीं मांडलें होतें, आणि तशी जाळी असणारा प्रत्यक्ष पदार्थ १९९९ सालींच जपानांत ओळखला गेला. डिस्प्रोशियम टायटानेटची विशिष्ट उष्णता ०.२ अंशापासून १२ अंशांपर्यंत मोजण्यांत आली. प्रत्येक चुंबकाला दोनच दिशा असल्यानें बेरीज दर मोल डिस्प्रोशियमला ५.७६ ज्यूल यावयास हवी होती. ती सुमारें ३.९ आली. तूट १.८६ ज्यूलची. पॉलिंग यांची बर्फाची रीत या स्फटिकाला लावली म्हणजे १.६८ ज्यूलची तूट निघते. साठपासष्ट वर्षांपूर्वींचा बर्फाचा हिशेब एका दुर्मिळ धातूच्या चुंबकी स्फटिकांत जवळजवळ जसाच्या तसा उतरला होता. याहून बोलका पुरावा पुढें मिळाला. स्फटिकाला चुंबकीय क्षेत्र लावून तेंच मोजमाप केलें, तेव्हां हरवलेल्या रकमेचा बराचसा भाग वहींत परत दिसला. क्षेत्रानें मांडण्यांतील निवड केली, तळाशीं अडकलेली अव्यवस्था कमी केली, आणि म्हणून तापवितांना ती मोजणींत आली.

क्षेत्राची दिशा बदलली कीं नाटकाचा प्रवेशच बदलतो. या स्फटिकाच्या कर्णाच्या दिशेनें पाहिलें, तर त्यांत दोन प्रकारचे थर एकाआड एक रचलेले दिसतात. एका थरांत चुंबक विरळ त्रिकोणांत असतात. दुसऱ्यांत कोंपऱ्याला कोंपरा लागलेल्या त्रिकोणांची जाळी असते. अशा जाळीला जपानी टोपल्यांच्या विणीवरून कागोमे हें नांव मिळालें आहे. कर्णाच्या दिशेनें थोडें क्षेत्र लावलें कीं पहिल्या थरांतील चुंबक मुकाट्यानें रांगेंत येतात. परंतु कागोमे थरांतील चुंबक दोन आंत व दोन बाहेर हा नियम संभाळून अद्याप निवडीला मोकळे राहतात. अव्यवस्था निम्म्याहून कमी होते, पण संपत नाहीं. क्षेत्र वाढवीत जाऊन सुमारें एक टेस्लाजवळ आलें कीं नियमच मोडतो, व तीन आंत एक बाहेर अशी मांडणी होते. जपानांत मात्सुहिरा, हिरोई, साकाकिबारा व इतरांनीं २००२ च्या सुमारास हीं मापें घेतलीं. मौज अशी, कीं नियम मोडण्याच्या नेमक्या क्षेत्रापाशीं एंट्रॉपी कमी न होतां एकदम उसळी घेते, कारण जुनी मांडणी व नवी मांडणी या दोहोंची किंमत तेथें सारखीच असते. क्षेत्र वाढवितां वाढवितां अव्यवस्था वाढावी, ही गोष्ट साध्या क्षारांत कधींच घडत नाहीं. नियम मोडल्यावर उत्पन्न होणारे दोष स्फटिकांत सुट्या उत्तर व दक्षिण ध्रुवांसारखे हिंडतात, असा विचार कास्टेलनोव्हो, मोएस्नर व सोंधी यांनीं २००८ सालीं मांडला. आणि पुढल्याच वर्षीं न्यूट्रॉनांच्या प्रयोगांतून त्याला आधार मिळाला.

मग तिसऱ्या नियमाचें काय? तळाशीं अव्यवस्था उरते असें ठरलें, तर नेर्न्स्ट यांचा सिद्धान्त खोटा पडला असें म्हणावें काय? येथें पुनः बर्फाचेंच उदाहरण उपयोगी पडतें. १९८२ सालीं जपानी शास्त्रज्ञांनीं बर्फांत थोडें पोटॅशियम हायड्रॉक्साइड मिसळलें, तेव्हां ७२ अंशांवर त्यांतील हायड्रोजन खरोखरच शिस्तींत आले. याचा अर्थ असा, कीं शुद्ध बर्फालाही शिस्त मान्य आहे. तिच्याकडे जाण्याइतकी हालचाल मात्र त्या थंडींत त्याला करतां येत नाहीं. चुंबकांच्या बर्फाबद्दलही अशीच शंका उपस्थित झाली. २०१३ सालीं कॅनडांतील पोमारान्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनीं डिस्प्रोशियम टायटानेटला प्रत्येक पायरीवर कित्येक दिवस स्थिरावूं दिलें, आणि मग मापें घेतलीं. त्यांना तूट आढळली नाहीं. सवड दिली तर चुंबक शिस्तीकडे वळतात असें त्यांच्या आंकड्यांवरून दिसलें. २०१८ सालीं गिब्लिन व इतरांनीं खास तयार केलेल्या नमुन्यावर मापें घेतलीं, तेव्हां शिस्तीकडे वळण्याची खूण त्यांना दिसली नाहीं. एकाच पदार्थाबद्दल दोन काळजीपूर्वक केलेलीं मोजमापें भिन्न साक्ष देतात, याचें कारण नमुन्यांतील बारीकसारीक दोष व वाट पाहण्याचा काळ यांत शोधावें लागतें. मोजणाऱ्याच्या घड्याळाला येथें उष्णतामापकाइतकेंच महत्त्व येतें. तिसरा नियम समतोल अवस्थेविषयीं बोलतो; आणि समतोल येण्यास जर मनुष्याच्या धीराहून अधिक काळ लागत असेल, तर नियम खोटा न ठरतांही वहींत तूट दिसत राहते.

या तात्त्विक वादाबरोबरच शीतकरणाचें काम पुढें चालूच राहिलें. २००३ सालीं झितोमिर्स्की यांनीं गणितानें दाखविलें, कीं साध्या क्षारांत क्षेत्र निम्मे केलें तर उष्णतामान निम्मे होतें, परंतु चतुष्फलकांच्या कुंठित जाळींत क्षेत्र एका विशिष्ट मर्यादेजवळ असतां तें उतरविलें, तर थंड होण्याचा वेग साध्या क्षाराच्या दहापटींहून अधिक होऊं शकतो. मॉस्को येथें गॅडोलिनियम टायटानेटवर केलेले प्रयोग २००५ सालीं प्रसिद्ध झाले. २०२४ सालीं चीनमधील शास्त्रज्ञांनीं सोडियम, बेरियम व कोबाल्ट यांच्या फॉस्फेटचा त्रिकोणी जाळीचा स्फटिक घेतला, व क्षेत्र उतरवून त्याला ०.०९४ अंशापर्यंत थंड केल्याचें प्रसिद्ध केलें. वान्निए यांचा कागदावरचा त्रिकोण चौऱ्याहत्तर वर्षांनीं शीतयंत्राच्या कामीं आला.

या खटपटीची गरज केवळ जिज्ञासेची नाहीं. अतिशीतासाठीं आज जीं यंत्रें सर्रास वापरलीं जातात, त्यांपैकीं बहुतेकांत हेलियमचा एक हलका प्रकार, हेलियम तीन, लागतो. तो निसर्गांत जवळजवळ मिळतच नाहीं. मुख्यतः ट्रिटियमच्या क्षयांतून तो गोळा करावा लागतो. २००८ नंतर त्याची टंचाई सर्वत्र जाणवली. पुंजयंत्रगणकांसारख्या नव्या साधनांना अतिशय थंडी लागते, आणि त्यामुळें ही मागणी वाढतच आहे. अंतराळांत तर प्रश्न अधिकच बिकट होतो, कारण द्रवांचा आधार ज्या गुरुत्वाकर्षणावर असतो तें तेथें जाणवत नाहीं. घन स्फटिकाला मात्र त्याची अडचण नाहीं. जपाननें सप्टेंबर १९२३ मध्यें नव्हे, तर त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनीं, सप्टेंबर २०२३ मध्यें, क्रिझम हा क्ष-किरणांचा उपग्रह सोडला. त्यावरील मापकयंत्र ०.०५ अंशावर ठेवण्यासाठीं डिबाय व जिओक यांचीच युक्ति योजिलेली आहे. दूरच्या तारकापुंजांतून येणारा क्ष-किरण त्या थंड मापकाला किंचित् ऊब देतो, व तेवढ्या उबेवरून त्याची शक्ति मोजली जाते.

माठापासून उपग्रहापर्यंतच्या या वाटचालींत एकच सूत्र अखंड दिसतें: व्यवस्थेंतून अव्यवस्थेंत जाणारा पदार्थ उष्णता मागून घेतो. जिओक यांनीं तें सूत्र क्षारांत योजिलें. पॉलिंग यांनीं बर्फांत उरलेल्या अव्यवस्थेचा हिशेब लावला. आणि कुंठित स्फटिकांनीं हे दोन्ही धागे एकत्र आणले. ज्यांना शिस्तींत उभें राहतां येत नाहीं, अशाच चुंबकांपाशीं थंडीचा सर्वांत मोठा सांठा असावा, हें प्रथम ऐकणाऱ्यास विपरीत वाटेल. पण जमाखर्चाची वही तेंच सांगते. त्या वहीच्या शेवटच्या पानावर तळाशीं किती शिल्लक लिहावयाची, यावर शास्त्रज्ञांचें अद्याप एकमत झालेलें नाहीं. तें होण्यास बहुधा आणखी थंडी लागेल, आणि त्याहून अधिक धीर.